सर्वांसाठी आलेला उजेड: ख्रिस्ती श्रद्धेतल्या दिव्य प्रकाशाबद्दल वारंवार विचारले जाणारे प्रश्न

वसईकडच्या एका चर्चमध्ये मी रविवारी मोठ्या मुलांचा धर्मशिक्षणाचा वर्ग घेतो. पण खालचे प्रश्न मुलांचे कमी आणि त्यांच्या आईवडिलांचे, लोकलमधल्या मित्रांचे, लग्नात शेजारच्या खुर्चीवर बसलेल्या पाहुण्यांचे जास्त आहेत. मी कॅथलिक आहे. इतर ख्रिस्ती परंपरांचं म्हणणं जिथे वेगळं आहे तिथे ते सांगितलं आहे.

‘दिव्य प्रकाश’ म्हणजे डोळ्यांना दिसणारा उजेड का?

बहुतेक वेळा नाही. बायबलमधल्या योहानाच्या शुभवर्तमानात, म्हणजे त्याने सांगितलेल्या येशूच्या कथेत, प्रकाश म्हणजे तेजाचा गोळा नव्हे, ध्यानात येणारा अनुभवही नव्हे. तिथे प्रकाश म्हणजे एक माणूस: येशू. पहिल्या अध्यायात योहान आधी ‘शब्दा’बद्दल बोलतो: प्रारंभी शब्द होता, शब्दात जीवन होतं, ते जीवन माणसांचा प्रकाश होतं. मग चौदाव्या वचनात हा शब्द देह धारण करून आपल्यात राहिला असं तो सांगतो. म्हणजे ज्याला भूक लागते, जो चालून दमतो, विहिरीवर बसून पाणी मागतो, तो प्रकाश.

आम्ही रविवारच्या मिस्सेत, म्हणजे चर्चमधल्या उपासनेत, विश्वासाचा अंगीकार म्हणतो, त्यात ‘प्रकाशापासून प्रकाश’ असे शब्द येतात. ते इ.स. ३२५ च्या, बिशपांच्या निकेया परिषदेतले. तेव्हा अलेक्झांड्रियाचा अरियस म्हणत होता की पुत्र, म्हणजे येशू, हा देवाने निर्माण केलेला, म्हणून देवापेक्षा खालचा. परिषदेने उत्तरासाठी उपमा घेतली ती उजेडाची. एका दिव्यावरून दुसरा दिवा लावला तर दुसरी ज्योत पहिलीची नक्कल नसते, तिच्याहून कमी अस्सलही नसते. आणि पहिली ज्योत तसूभरही उणी होत नाही.

तो ‘सर्वांसाठी’ आहे हे कुठे लिहिलंय?

योहान, अध्याय १, वचन ९. आशय असा: प्रत्येक माणसाला उजळणारा खरा प्रकाश जगात येत होता.

या वाक्यावर जुना वाद आहे, आणि तो शाळेत विभक्ती शिकलेल्या माणसाला लगेच कळेल. मूळ ग्रीकमध्ये ‘जगात येणारा’ हे पद दोघांनाही लागू शकतं, प्रकाशाला किंवा माणसाला. ‘प्रकाश’ हा ग्रीक शब्द नपुंसकलिंगी आणि इथे प्रथमेत, ‘माणूस’ पुल्लिंगी आणि द्वितीयेत. आणि ‘येणारा’ या धातुसाधिताचं रूप दोन्हीकडे नेमकं सारखंच. जुन्या लॅटिन भाषांतराने आणि १६११ च्या इंग्रजी भाषांतराने ते माणसाला लावलं: जगात जन्माला येणाऱ्या प्रत्येकाला तो प्रकाश उजळतो. आजची बहुतेक भाषांतरं ते प्रकाशाला लावतात. मलाही दुसरं वाचन बरोबर वाटतं, कारण लगेच पुढच्या वचनात ‘तो जगात होता’ असं येतं आणि धागा जुळतो. पण कुठलंही घ्या, ‘प्रत्येक’ हा शब्द जागचा हलत नाही. योहानाने ‘प्रत्येक ख्रिस्ती माणसाला’ असं लिहिलेलं नाही. लिहिणं शक्यही नव्हतं, कारण ज्या काळाबद्दल तो सांगतोय तेव्हा कुणी ख्रिस्ती नव्हतंच.

प्रत्येकासाठी आहे, तर मग प्रत्येकाला दिसत का नाही?

हा प्रश्न योहानालाही पडला असावा, कारण उत्तर त्याने प्रश्नाच्या आधीच, पाचव्या वचनात, देऊन ठेवलंय. प्रकाश अंधारात प्रकाशतो आणि अंधाराने त्याला... इथे जो ग्रीक धातू येतो त्याचे अर्थ दोन: ‘पकडून गिळंकृत करणे’ आणि ‘समजून घेणे’. अंधार त्याला विझवू शकला नाही, आणि अंधाराला तो कळलाही नाही. इंग्रजीत यांपैकी एक अर्थ निवडावा लागतो आणि दुसरा सोडावा लागतो. मराठीला मात्र इथे घरबसल्या एक भेट मिळालीय. आपला ‘ग्रहण’ हा शब्द घ्या. विद्या ग्रहण करतात आणि सूर्याला ग्रहण लागतं. अंधाराने त्याचं ग्रहण केलं नाही, आणि अंधाराचं ग्रहण त्याला लागलं नाही. वर्गात हे फळ्यावर लिहिलं की मागच्या बाकावरचीसुद्धा मान वर करतात.

थोडं पुढे, तिसऱ्या अध्यायात, योहान आणखी एक कारण देतो आणि ते जास्त टोचणारं आहे: माणसांना उजेडापेक्षा अंधार आवडला, कारण त्यांची कामं वाईट होती. आमच्या जुन्या कौलारू घरात माजघरावर एक काचेचं कौल होतं. सकाळी नऊच्या सुमाराला त्यातून उन्हाची एक पट्टी जमिनीवर पडायची आणि त्या पट्टीत धूळ तरंगताना दिसायची. पाहुणे यायचे असले की आई त्याच वेळेला पुन्हा एकदा केर काढायची. धूळ काही उन्हाने आणलेली नसायची.

बायबलमधल्या उत्पत्तीच्या पुस्तकात प्रकाश पहिल्या दिवशी आणि सूर्य चौथ्या दिवशी. ही चूक नाही का?

लिहिणाऱ्याला सूर्य कधी उगवतो हे ठाऊक नव्हतं असं समजायचं कारण नाही. आजूबाजूच्या राज्यांत सूर्याला आणि चंद्राला देव मानायचे. या पुस्तकाने त्यांची नावंसुद्धा घेतली नाहीत. ‘मोठी ज्योती’ आणि ‘लहान ज्योती’ म्हणून चौथ्या दिवसाच्या कामांत बसवून टाकलं. प्रकाश आधी देवाचा, मग सूर्याच्या वाट्याला आलेला, एवढाच मुद्दा. ते विज्ञानाचं वेळापत्रक म्हणून वाचू नये हे माझं मत. काही मंडळी तसं वाचतात.

‘मी जगाचा प्रकाश आहे’ असं येशू कधी आणि कुठे म्हणाला?

योहान ८:१२. जागाही दिलीय: यरुशलेमच्या मंदिरात, भांडाराजवळ. वेळ मंडपांच्या सणाच्या आसपासची, आणि त्याशिवाय या वाक्यातली अर्धी गंमत निघून जाते.

हा सण शरद ऋतूतला, पिकं घरात आल्यावरचा. लोक झावळ्यांच्या, फांद्यांच्या मांडवात राहायचे. यहुदी परंपरेचा मिश्ना हा ग्रंथ त्या रात्रींचं वर्णन करतो. मंदिराच्या स्त्रियांच्या अंगणात सोन्याचे उंचच उंच दीपस्तंभ होते, वरच्या वाट्यांपर्यंत पोचायला शिड्या लावाव्या लागत, आणि याजकांच्या घराण्यांतली तरुण मुलं तेलाच्या घागरी घेऊन वर चढत. वाती कशाच्या? याजकांच्या जुन्या, झिजलेल्या विजारी आणि कमरपट्टे फाडून केलेल्या. पवित्र वस्त्रं टाकून देता येत नाहीत, मग ती जाळून उजेड करायचा. मिश्ना सांगतो की यरुशलेममधलं एकही अंगण त्या उजेडावाचून राहत नसे.

असा सण ताजा असताना, त्याच आवारात उभा राहून, गालीलच्या खेड्यातून आलेला एक सुतार म्हणतो की प्रकाश मी आहे, आणि मंदिराचा नव्हे, गावाचाही नव्हे, जगाचा. ऐकणाऱ्यांना ते उद्धटपणाचं का वाटलं असेल हे समजण्यासारखं आहे.

लगेच पुढच्या अध्यायात तो जन्मापासून आंधळ्या असलेल्या एका भिकाऱ्याला बरं करतो. थुंकीत माती कालवून त्याच्या डोळ्यांवर लावतो आणि शिलोहाच्या तळ्यावर धुवायला पाठवतो. मला या गोष्टीतला चमत्कारापेक्षा नंतरचा गोंधळ जास्त आवडतो. शेजारी म्हणतात, हा तोच का? आईवडील घाबरून म्हणतात, त्यालाच विचारा, तो मोठा आहे. धर्माधिकारी त्याला दोनदा बोलावून उलटतपासणी करतात आणि शेवटी हाकलून देतात. आणि तो भला माणूस एकच गोष्ट धरून बसतो: मी आंधळा होतो, आता मला दिसतं. पूर्ण अध्यायात डोळस माणसं हळूहळू आंधळी होत जातात.

सगळ्या लोकांसाठी प्रकाश ही कल्पना ख्रिस्ती लोकांनी काढली का?

नाही. ती यशया संदेष्ट्याकडून आली. त्याच्या ४९ व्या अध्यायात देव आपल्या सेवकाला म्हणतो की फक्त इस्राएलाला परत आणणं हे तुझ्यासाठी फार थोडं काम आहे. मी तुला राष्ट्रांचा प्रकाश करीन. हे शब्द हद्दपार झालेल्या, हरलेल्या लोकांना उद्देशून आहेत. हरलेल्या लोकांना सांगितलं जातंय की तुमचा उजेड तुमच्यापुरता नाही, ज्यांनी तुम्हाला हाकललं त्यांच्यासाठीही आहे.

लूकच्या शुभवर्तमानात हेच शब्द म्हातारा शिमोन उचलतो. चाळीस दिवसांचं बाळ घेऊन मरिया आणि योसेफ मंदिरात येतात. नियमाने अर्पणाला कोकरू हवं, ज्याची ऐपत नसेल त्याने पारव्यांची किंवा होल्यांची जोडी आणावी. हे दोघे पक्ष्यांची जोडी देतात, म्हणजे पैसा नव्हता. शिमोन बाळाला हातांवर घेतो आणि म्हणतो, हा परराष्ट्रीयांना प्रकटीकरणाचा उजेड. परराष्ट्रीयांची नावं तो आधी घेतो, इस्राएलाचं नंतर.

२ फेब्रुवारीचा सण याच प्रसंगाचा. त्या दिवशी चर्चमध्ये मेणबत्त्या आशीर्वादित करतात आणि लोक त्या घरी नेतात. पुष्कळ घरांत ती मेणबत्ती वर्षभर कपाटात असते आणि कुणी आजारी पडलं, रात्री वादळ आलं, की बाहेर निघते.

जो ख्रिस्ती नाही त्याला हा प्रकाश मिळतो का?

सगळ्यांत जास्त विचारला जाणारा प्रश्न हाच. विचारणाऱ्याच्या मनात बहुधा दुसराच प्रश्न असतो: ‘माझी आजी तुमच्या मते कुठे गेली?’

दोन हजार वर्षांत ख्रिस्ती लोकांनी याला एकच उत्तर दिलेलं नाही. दुसऱ्या शतकातला जस्टिन, जो रोममध्ये श्रद्धेपायी मारला गेला, त्याने लिहिलं की शब्दाची बीजं सगळ्या मानवजातीत पेरलेली आहेत, आणि जे विवेकाने जगले ते ख्रिस्तीच, मग लोक त्यांना नास्तिक म्हणोत. त्याने नावं दिली ती सॉक्रेटिस आणि हेराक्लायटस यांची. दोघेही येशूच्या कितीतरी आधीचे. सोळाव्या शतकातला प्रोटेस्टंट सुधारक कॅल्विन मात्र योहान १:९ चा अर्थ मर्यादित करतो: प्रत्येकाला मिळालेला प्रकाश म्हणजे बुद्धी आणि बरंवाईट ओळखण्याची जाण, ती सर्वांना आहे, पण तारणाला, म्हणजे मुक्तीला, पुरी पडत नाही. अठराव्या शतकातल्या जॉन वेस्लीने, मेथडिस्ट पंथाच्या संस्थापकाने, मधला रस्ता काढला. तो म्हणाला, ज्याला आपण सहज सदसद्विवेक म्हणतो तीसुद्धा माणसाची स्वतःची कमाई नव्हे. देवाची कृपा आधीच येऊन पोचलेली असते, माणूस हाक मारायच्या आधी.

सगळ्यांत पुढे गेले ते क्वेकर नावाच्या ख्रिस्ती पंथाचे लोक. सतराव्या शतकातल्या इंग्लंडमध्ये जॉर्ज फॉक्सने सांगायला सुरुवात केली की ख्रिस्ताचा प्रकाश प्रत्येकाच्या आत आहे आणि त्याच्याकडे वळायला पाद्री लागत नाही. १६७६ मध्ये रॉबर्ट बार्कलेने ते पद्धतशीर मांडलं: हा प्रकाश तारण देणारा आहे आणि ज्याने येशूचं नाव कधी ऐकलं नाही त्यालाही तो भेटतो. ही मंडळी खोलीत गप्प बसून उपासना करतात. प्रकाशाबद्दल सर्वांत जास्त बोलणाऱ्या या परंपरेच्या सभेत एकही मेणबत्ती नसते. आम्ही कॅथलिक ढिगाने लावतो आणि त्यामानाने कमी बोलतो.

या विचाराची परीक्षा कुठे झाली तेही सांगायला हवं. प्रत्येकात प्रकाश आहे असं मानलं तर बाजारात उभा केलेल्या माणसाची किंमत कशी करायची? १६८८ साली पेनसिल्वेनियातल्या जर्मनटाऊनच्या काही क्वेकरांनी गुलामगिरीविरुद्ध लेखी निषेध नोंदवला. त्यांच्याच वरच्या सभांनी तो बाजूला ठेवला, कारण क्वेकरांतही गुलाम बाळगणारे होते. फिलाडेल्फियाच्या वार्षिक सभेने सभासदांना गुलाम ठेवायला बंदी केली ती १७७६ मध्ये. अठ्ठ्याऐंशी वर्षं.

कॅथलिक चर्चचं आजचं म्हणणं दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेत, म्हणजे जगभरच्या बिशपांच्या सभेत, आलं. इतर धर्मांविषयीचा दस्तऐवज २८ ऑक्टोबर १९६५ चा. त्यात म्हटलंय की त्या धर्मांत जे खरं आणि पवित्र आहे त्यातलं काहीही चर्च नाकारत नाही, आणि सर्व माणसांना उजळणाऱ्या सत्याचा किरण त्यांत पुष्कळदा दिसतो. तोच दस्तऐवज पुढच्याच वाक्यात सांगतो की ख्रिस्ताची घोषणा करणं चर्चने सोडलेलं नाही. ही दोन वाक्यं एकत्र पेलणं अवघड आहे. एकाच वाक्यावर बोट ठेवणारे दोन्ही बाजूंना भेटतात.

आणि आजीबद्दल: चर्चने कुणाही विशिष्ट माणसाचं नाव घेऊन तो नरकात गेला असं कधीही जाहीर केलेलं नाही.

पण मग महाराष्ट्रातले संत? तुकाराम?

याचं उत्तर माझ्यापेक्षा रेव्हरंड नारायण वामन टिळकांनी आयुष्याने दिलंय. रत्नागिरीकडचे चित्पावन ब्राह्मण, १८९५ मध्ये मुंबईत बाप्तिस्मा घेतलेले. आपण तुकारामाच्या पुलावरून ख्रिस्ताच्या पायाशी आलो असं ते सांगत. पूल या शब्दावर थांबा. ओलांडून आलो म्हणून कुणी पूल पाडत नाही. टिळकांची भजनं आजही मराठी चर्चमध्ये म्हटली जातात आणि त्यांतला नाद वारीतला आहे.

१९१७ मध्ये, वारण्याआधी दोन वर्षं, त्यांनी मिशनची नोकरी सोडून ‘देवाचा दरबार’ सुरू केला. त्यात बाप्तिस्मा झालेले आणि न झालेले, दोघांनाही जागा होती. तेव्हाच्या किती तरी ख्रिस्ती लोकांना ते पटलं नाही. आणि या सगळ्याला कौतुकाचा मुलामा देऊ नये म्हणून हेही सांगतो: ते ख्रिस्ती झाल्यावर त्यांच्या पत्नी लक्ष्मीबाईंची जी ताटातूट झाली, तिचा भार त्या माउलीने वाहिला. एकाच्या डोळ्यांत उजेड आला की घरातल्या दुसऱ्याच्या डोळ्यांपुढे अंधारी येऊ शकते.

सगळ्यांना प्रकाश मिळतोच, तर बाप्तिस्मा कशाला घ्यायचा?

ऊन सगळ्यांवर पडतं म्हणून कुणी खिडकी बांधायची थांबत नाही. सुरुवातीच्या चर्चमध्ये बाप्तिस्म्याचं एक नावच ‘उजळणं’ असं होतं, आणि नवीन बाप्तिस्मा झालेल्यांना ‘उजळलेले’ म्हणत. आजही बाळाच्या बाप्तिस्म्याला बाप किंवा धर्मपिता मोठ्या मेणबत्तीवरून लहान मेणबत्ती पेटवून घेतो. मात्र कुणाला पैशाचं, नोकरीचं, शाळेतल्या जागेचं आमिष दाखवून किंवा धाक घालून पाण्यापर्यंत आणलं, तर त्याला बाप्तिस्मा म्हणू नये. दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेनेच धर्मस्वातंत्र्यावरच्या दस्तऐवजात सक्ती चालणार नाही हे स्पष्ट केलंय. सक्तीने उघडलेल्या डोळ्याला दिसत नाही.

दिवाळीचा दिवा आणि ख्रिस्ती दिवा एकच ना?

एकच म्हटलं की दोघांचाही अपमान होतो असं मला वाटतं, जरी म्हणणाऱ्याचा हेतू गोड असतो. ‘तमसो मा ज्योतिर्गमय’ ही बृहदारण्यक उपनिषदातली प्रार्थना आहे. तिथे मागणं आहे की मला अंधाराकडून उजेडाकडे ने. शिमोनाच्या गाण्यात दिशा उलटी आहे. म्हातारा कुठे निघालेला नाही, उजेडच चालत त्याच्या हातांत आलाय. दोन्ही प्रार्थना मी मनापासून म्हणू शकतो, पण त्या एकच गोष्ट सांगत नाहीत.

हातांना मात्र हे फरक कळत नाहीत. नाताळात आमच्याकडे बांबूच्या कामट्यांचा पाच टोकांचा तारा करतात. कामट्या तासायच्या, टोकांना दोऱ्याने घट्ट बांधायच्या, पिठाची खळ करून वरून पातळ रंगीत कागद चिकटवायचा. आळीत हा तारा सर्वांत सुबक करणारा मुलगा ख्रिस्ती नव्हता. ऑक्टोबरमध्ये तो आकाशकंदील करायचा, डिसेंबरात आमचे तारे. खळ तीच.

मला ध्यानात प्रकाश दिसला. तो हाच का?

असेल, नसेल. पौलाला दिमिष्काच्या (दमास्कसच्या) वाटेवर भर दुपारी सूर्याहून प्रखर प्रकाश दिसला, आणि परिणाम काय? तीन दिवस तो आंधळा झाला, हात धरून गावात न्यावं लागलं. ज्यांचा तो छळ करायला निघाला होता त्यांच्यातलाच हनन्या येऊन ‘भाऊ’ म्हणाला तेव्हा त्याला दिसू लागलं. माझ्या मते खरा प्रकाश त्या ‘भाऊ’ या शब्दात होता.

पूर्वेकडच्या ऑर्थोडॉक्स चर्चमध्ये यावर चौदाव्या शतकात मोठा वाद झाला. ग्रीसमधल्या अथॉस पर्वतावरचे संन्यासी म्हणत की दीर्घ प्रार्थनेत आपण जो प्रकाश पाहतो तो डोंगरावर येशूचं रूप तेजाने पालटलं तेव्हा शिष्यांनी पाहिलेलाच, निर्माण न झालेला, देवाचा स्वतःचा प्रकाश. ग्रेगरी पालामासने त्यांची बाजू घेतली आणि कॉन्स्टँटिनोपलच्या १३४१ आणि १३५१ च्या सभांनी ती मान्य केली. पण तेच संन्यासी नवशिक्यांना बजावत की दिसलेल्या उजेडावर लगेच विश्वास ठेवू नका. ओळखायची खूण साधी: त्यानंतर तुमचं घरच्यांशी वागणं सुधारलं का, हे घरच्यांना विचारा.

अंधार वाईट, काळं वाईट, गोरं चांगलं, असंच हे नाही का झालं?

झालं, आणि ख्रिस्ती लोकांनीही ते केलं. वसाहतींच्या काळात ‘अंधारातले लोक’ हा शब्दप्रयोग सावळ्या कातडीच्या माणसांसाठी सर्रास वापरला गेला. पण बायबलमध्ये प्रकाश आणि अंधार यांचा कातडीशी काही संबंध नाही. उलट निर्गमाच्या २० व्या अध्यायात मोशे देवाला भेटायला दाट काळोखात शिरतो, कारण देव त्या काळोखातच आहे. स्तोत्र १३९ म्हणतं की देवाला अंधार आणि उजेड सारखेच.

माझ्या ओळखीचे एक दृष्टिहीन गृहस्थ प्रवचनात ‘आंधळेपणा’ म्हणजे पाप असं ऐकलं की कपाळाला आठ्या घालतात. त्यांचं बरोबर आहे. मी वर्गात आता तो शब्द जपून वापरतो.

चर्चमध्ये इतक्या मेणबत्त्या का? विजेच्या चालत नाहीत का?

रोजच्या उजेडाला वीज आहेच. पण ईस्टरच्या आदल्या रात्री मुद्दाम सगळे दिवे मालवतात. आवारात शेकोटी पेटवतात, तिच्यावरून पास्काची मोठी मेणबत्ती लावतात. तिच्यावर क्रूस, ग्रीक वर्णमालेतलं पहिलं आणि शेवटचं अक्षर, आणि चालू वर्षाचे चार अंक कोरलेले असतात. क्रुसात धुपाचे पाच दाणे खोचतात, येशूच्या पाच जखमांचे. अंधाऱ्या चर्चमध्ये ती नेताना तीनदा थांबून ‘ख्रिस्ताचा प्रकाश’ असं गातात. मग त्या एका ज्योतीवरून सगळ्यांच्या मेणबत्त्या पेटतात. त्या रात्रीच्या स्तुतिगीतात मधमाश्यांचे आभार मानलेले आहेत, कारण मेण त्यांचं.

हातातल्या मेणबत्तीला खाली पुठ्ठ्याची चकती असते, मेण बोटांवर पडू नये म्हणून. तरी पडतंच. एका वर्षी वारं इतकं होतं की माझी मेणबत्ती तीनदा विझली आणि मी वैतागून ती खाली धरली. शेजारच्या म्हाताऱ्या बाईंनी हळूच सांगितलं, ‘बाळा, पेटलेली सरळ ठेवायची, विझलेली वाकवायची. उलटं केलं तर दोघांचे हात भाजतात.’ आणि त्यांनी आपली ज्योत हलू न देता धरून ठेवली.

‘तुम्ही जगाचा प्रकाश आहात’ असंही येशू म्हणाला ना? मग प्रकाश कोण?

मत्तय ५:१४. दोन्ही म्हणाला. चंद्राचं उदाहरण चर्चच्या जुन्या आचार्यांनी याच कामासाठी वापरलं: उजेड देतो, पण स्वतःचा नव्हे. पुढचं वाक्य आमच्या मराठी बायबलात सुंदर उतरलंय: दिवा लावून तो मापाखाली ठेवत नाहीत, दिवठणीवर ठेवतात. हल्ली मुलांना दिवठणी, म्हणजे दिवा ठेवायची उंच बैठक, समजावून सांगावी लागते. माप म्हणजे धान्य मोजायचं भांडं, पायलीसारखं, आणि ते उपडं घातलं की दिवा दिसेनासा तर होतोच, थोड्या वेळात विझतोही.

मला काहीच जाणवत नाही. प्रार्थना करतो, पण आत अंधारच. मी कुठे चुकतोय?

बहुधा कुठेच नाही. कोलकात्याच्या मदर तेरेसांची पत्रं त्यांच्या मृत्यूनंतर, २००७ मध्ये, प्रसिद्ध झाली तेव्हा लोकांना धक्का बसला. कित्येक दशकं त्यांना देवाचं सान्निध्य जाणवत नव्हतं. आपण कधी संत झालोच तर अंधाराच्या संत होऊ, असं त्यांनी लिहून ठेवलं होतं. त्या काळात त्यांनी गटारीच्या कडेची किती माणसं उचलली ते सगळ्यांना माहीत आहे. २०१६ मध्ये त्यांना संत घोषित करण्यात आलं.

पण हा अंधार आणि नैराश्य यांत गल्लत करू नका. झोप उडाली असेल, जेवण जात नसेल, जगणं नकोसं वाटत असेल, तर फादरांकडे जाण्याआधी डॉक्टरांकडे जा. मग दोघांकडे जा.

वाचायला कुठून सुरुवात करू?

योहानाचा पहिला अध्याय सगळे सुचवतात, पण तो पहिल्या वाचनात डोक्यावरून जातो. नववा आधी वाचा, त्या आंधळ्याचा. एका बैठकीत होतो. मोठ्याने वाचा, शेजारी कुणी असेल तर आईवडिलांचे संवाद त्याला द्या. मग पहिल्याकडे या.